पावसाआधीची छाटणी

पहाटे पाच

करवतीच्या चेनला कानस लागल्याशिवाय मी मशीन झाडावर जाऊ देत नाही. गोडाउनच्या पायरीवर बसून मुकादम मामा एकेक दात घासतात. प्रत्येक दाताला तेवढेच हात, कोन तोच, जोर तोच. धार आहे की गेली, हे भुशावरून कळतं. नुसती पिठी उडायला लागली की दात बोथट झाले. चपटे, टपोरे किस पडत असतील तर ठीक. बोथट मशीन माणूस दाबून चालवतो आणि दाबलेलं मशीन उसळतं. जमिनीवर उसळलं तर निदान मागे सरता येतं. तीस फुटांवर, दोराला लटकलेल्या माणसाने सरायचं कुठे?

मी उद्यानविद्या शिकले दापोलीला. तिथे हात बसला तो आंब्या-काजूच्या कलमांवर. आता मुंबईत एका कंत्राटदाराकडे झाडांच्या छाटणीवर पर्यवेक्षक आहे, आणि एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. खरं तर ही कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायला हवीत, पण निविदा, मंजुऱ्या आणि वर्कऑर्डर यांचं ऋतुचक्र वेगळं असतं. मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज पाहिला. दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढणार आहे, म्हणजे मोठी फांदी सकाळीच खाली यायला हवी.

सहा

माटुंगा पूर्व, फाइव्ह गार्डन्सजवळचा रस्ता. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचा हा भाग आखला. रुंद रस्ते, बेताच्या उंचीच्या इमारती आणि दोन्ही कडांना झाडं. ट्रस्टवाल्यांनी झाडांना जागा ठेवली होती, गाड्यांना नाही. त्यामुळे आमचा पहिला तास गाड्या हलवण्यात जातो. तीन दिवस आधी प्रत्येक बुंध्याला सुतळीने नोटीस बांधलेली असते (खिळा ठोकायचा नाही, हा माझा हट्ट). वॉचमनला सांगून झालेलं असतं. तरी एक पांढरी गाडी बरोबर फांदीखाली उभी असतेच, आणि मालक तिसऱ्या मजल्यावर साखरझोपेत.

‘दादा, जरा गाडी काढता का?’

‘दोन मिनिटं.’

ती दोन मिनिटं किती लांबतात, हे मुंबईकराला सांगायला नको.

सव्वासात

दोरी बांधून रस्ता अडवला. वर चढणारा गडी बेल्ट घालतोय, तोवर मी झाडाभोवती फिरते. आधी मुळं, मग खोड, मग बेचके, आणि शेवटी वरच्या फांद्या.

आजचं पहिलं झाड रेन ट्री, म्हणजे पर्जन्यवृक्ष. मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेचा, पण इतकी वर्षं या रस्त्यावर सावली धरून आहे की त्याला परका म्हणवत नाही. बुंधा जमिनीजवळ रुंदावत गेला पाहिजे, मुळांचे उंचवटे दिसले पाहिजेत. खांब रोवल्यासारखा सरळ खाली गेला असेल तर समजायचं की मुळांचा गळा पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटखाली गाडलाय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता, बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. तो आदेश दिल्लीचा असला तरी मुळांची गरज मुंबईत काही वेगळी नाही. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईला घासून गेलं तेव्हा शहरात दोन हजारांहून जास्त झाडं पडली. त्या आठवड्यात मी पाहिलेल्या कितीतरी बुंध्यांखाली मुळांचा गड्डा अंगणातल्या कुंडीएवढा होता. असं झाड वरून कितीही छाटलं तरी पडायचं ते पडतंच.

इथे उंचवटे दिसतायत. एका बाजूचं आळं मोकळं आहे. मी लाकडी हातोडी घेऊन खोड वाजवत जाते. भरीव खोड टणक बोलतं, पोकळ जागा घुमते. छातीच्या उंचीवर थोडं घुमलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. घुमलं म्हणून लगेच घाबरायचं नसतं. झाडाचं वजन बाहेरचं लाकूड पेलतं. भरीव भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांशापेक्षा जाड असेल तर खोड बहुधा तग धरतं. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. बाजूला ढोली उघडी असेल किंवा झाड कललेलं असेल तर तो लागू पडत नाही.

मग बेचके. दोन जाड फांद्या इंग्रजी यूच्या आकारात फुटल्या असतील तर जोड पक्का असतो. व्हीच्या आकारात चिकटून वर गेल्या असतील तर मधे साल दडपली जाते. बाहेरून एकजीव दिसतं, पण आत लाकूड लाकडाला जुळलेलंच नसतं. पावसाळ्यात उभी चिरफाळतात ती झाडं बहुतेक अशीच. या झाडाचे बेचके चांगले आहेत. काळजी दोनच फांद्यांची. एक वाळकी, बुंध्यापासून तडकलेली. दुसरी हिरवी, धडधाकट, पण रस्त्यावर नऊ मीटर आडवी गेलेली आणि टोकाला पानांनी लदलेली.

कागदावर हुकूम आहे, दोन्ही बुंध्यापासून काढा.

आठ

वाळकी आधी. गड्याने वरच्या बेचक्यात दोर टाकला, बेल्टची दुसरी पट्टीही खोडाभोवती अडकवली. मशीन चालू असताना दोन ठिकाणी बांधलेलं असायलाच हवं, कारण चेन चुकून एका दोराला लागली तर दुसरा उरतो. हा गडी वसईकडचा, मूळचा नारळ पाडणारा. सुरुवातीला त्याला बेल्टची लाज वाटायची. आता बेल्ट नसेल तर तोच मामांना ओरडतो.

फांदी एका कापात काढायची नाही, तिला तीन काप द्यायचे. पहिला खालून, बुंध्यापासून दीड-दोन वीत पुढे, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या किंचित पुढे. फांदी आपल्या वजनाने मोडते, पण खालच्या कापापाशी येऊन थांबते. खालचा काप नसेल तर ती पडताना साल सोलत नेते, कधी थेट बुंध्यावरून पाच-सहा फूट. ती सोललेली पट्टी मला आयुष्यभर दिसत राहते. म्हणजे झाडाच्या आयुष्यभर.

तिसरा काप राहिलेल्या खुंटाचा, आणि खरं कसब त्यातच आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, कॉलर. आमची पोरं त्याला गळा म्हणतात. वरच्या अंगाला सालीची सुरकुतलेली वळी असते. काप त्या वळीच्या बाहेरून सुरू करायचा आणि गळा शाबूत ठेवून खाली उतरवायचा. खोडाला घासून सपाट कापलं तर दिसायला स्वच्छ, पण गळाच कापला गेला. खुंट ठेवला तर तो मरतो, कुजतो, आणि कूज त्या वाटेने आत शिरते.

हे सगळं आपल्याला नीट समजलं ते अमेरिकन वनखात्यात काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स शायगो यांच्यामुळे. त्यांनी हजारो झाडं चेन सॉने उभी चिरून पाहिली. त्यांच्या म्हणण्याचं सार असं की माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. खराब झालेलं लाकूड झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती रासायनिक भिंती उभारून तो भाग आतल्या आत बंद करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. गळ्यात ही भिंत उभारायची तयारी आधीपासून असते. १९७७ साली त्यांनी हे मांडलं. आपल्याकडे अजून कापावर गेरू किंवा डांबर फासून ‘औषध लावलं’ म्हणतात. बागेत फळझाडांच्या कापाला बोर्डो पेस्ट लावायला मीही शिकले, पण रस्त्यावरच्या मोठ्या झाडाला डांबर फासून कूज थांबत नाही. थांबलीच तर ती काप योग्य जागी पडल्यामुळे थांबते.

नऊ

आता हिरवी फांदी. मामांना म्हटलं, ही बुंध्यापासून काढायची नाही.

‘मॅडम, वर्कऑर्डर?’

‘मी लिहून देते.’

बुंध्यापाशी ही फांदी सव्वा फूट जाड आहे. तिथे कापली तर तेवढं लाकूड उघडं पडणार आणि नवी साल त्यावर चढेपर्यंत किती पावसाळे जातील कोण जाणे. शिवाय झाडाची रस्त्याकडची बाजू रिकामी होऊन सगळा तोल इमारतीकडे जाणार. या फांदीचा धोका तिच्या टोकात आहे. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांद्याला विचारा. टोकाची अडीच-तीन मीटर काढली की बेचक्यावरचा ताण किती उतरतो ते तुमचा खांदाच सांगेल.

टोकही कुठेही छाटायचं नाही. मागची एखादी उपफांदी शोधायची, कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची, आणि काप तिच्यापाशी आणून सोडायचा. पुढे टोक म्हणून तीच काम करते. आतली बारीक पालवी तशीच ठेवायची. हात सहज पोचतो म्हणून गडी आतलंच आधी साफ करतात, फांदी दांड्यासारखी नागडी होते आणि पानांचा झुपका टोकाला राहतो. ट्रक भरल्याचं समाधान मिळतं, फांदी मात्र आधीपेक्षा धोकादायक होते. वाऱ्यात आतल्या लहान फांद्या वेगवेगळ्या हलून झोत मोडतात, त्याच आपण काढून टाकतो.

ओलं लाकूड जड. फूटभर जाडीचा दोन मीटरचा तुकडा सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. तो दोरावर घ्यायचा तर खालच्या माणसाने बुंध्याला दोराचे दोन-तीन वेढे मारून ठेवायचे. वजन वेढे धरतात, माणूस फक्त सोडतो.

‘सोड… सोड… हळू… धर!’

फांदी हेलकावा घेऊन थांबली. तिच्याबरोबर इंटरनेटच्या काळ्या वायरींचं एक भेंडोळं आणि दिवाळीतली दिव्यांची माळ खाली आली. माळ सालीत इतकी रुतली होती की तिच्याभोवती फांदीला खळगा पडला होता.

दहा

न्याहारी. पोहे, चहा, आणि समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका.

‘मॅडम, पावसाळ्यात रिस्क नको. वरचं सगळं उडवा, खोड तेवढं राहू द्या. दोन महिन्यांत फुटतंच की!’

फुटतं, हे खरं आहे आणि पंचाईत तीच आहे. मी काकांना घेऊन चार इमारती पुढे गेले. तिथे काही वर्षांपूर्वी कुणीतरी असंच एका सोनमोहराचं मुंडण केलं होतं. आज झाड हिरवंगार दिसतं. पण प्रत्येक खुंटाच्या कडेने आठ-दहा फुटवे सरळ वर गेलेत, वीस-वीस फूट, काही मांडीएवढे जाड. नैसर्गिक फांदी खोडाबरोबर वाढते. तिचं लाकूड आणि खोडाचं लाकूड वर्षागणिक एकमेकांत विणलं जातं. हे फुटवे सालीखाली झोपलेल्या डोळ्यांतून घाईने आलेले असतात, कारण पानं गेली की झाड उपाशी पडतं. ते फक्त वरच्या थरांना धरून असतात. त्यांच्या खाली खुंट कुजत असतो, आणि वर त्यांचं वजन वाढत असतं. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक स्कूटरवर पडला.

काकांनी वर बघितलं, स्कूटर कुणाची होती ते सांगितलं, आणि म्हणाले, ‘मग आता?’

अकरा

आता हेच. या सोनमोहराला एका दिवसात सुधारता येत नाही. सगळे फुटवे काढले तर पुन्हा तेच चक्र. प्रत्येक खुंटावर चांगल्या जागी आलेले एक-दोन फुटवे निवडायचे आणि त्यांना फांदी होऊ द्यायचं. बाकीच्यांतले थोडे मुळापासून काढायचे, थोडे आखूड करायचे. पुढच्या वर्षी पुन्हा थोडे. चार-पाच वर्षांचं काम. एका मोसमात हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्शाहून जास्त काढायचं नाही, आणि आधीच दमलेल्या झाडाचं त्याहून कमी.

हे काम डोळ्यांचं आहे, म्हणून मी स्वतः बकेटमधून वर जाते. खुंटाच्या कापावर बोट ठेवलं तर लाकूड खारीसारखं भुगा होऊन हाताशी आलं. बाजूला लाकूड पोखरणाऱ्या अळीची भोकं. मुंडणानंतर मे महिन्याचं ऊन थेट सालीवर पडतं, साल भाजते, फाटते, आणि मग हे पाहुणे येतात. तीन फुटवे काढले, पाच आखूड केले, दोन राखले. खाली मामा घड्याळ दाखवतायत. आमचा दर झाडामागे असतो. पंचवीस मिनिटांत मुंडण केलेलं झाड आणि दीड तास डोळ्यांत तेल घालून छाटलेलं झाड, दोन्हींचं बिल सारखंच. मुंडणात ट्रक भरतो म्हणून तेच काम जास्त झालेलं दिसतं.

साडेबारा

तिसऱ्या झाडावर कावळ्याचं घरटं निघालं. काड्यांपेक्षा तारा जास्त, त्यात एक अख्खा हँगर. अंडी आहेत. नर-मादी दोघं गड्याच्या हेल्मेटवर टोच्या मारतायत. ती फांदी सोडून बाकीचं उरकलं, फांदीला खालून रिबन बांधली, वहीत ‘जुलैत परत’ असं लिहिलं. अंड्यांत एखादं कोकिळेचं असेल तर कावळ्याला माहीत नाही, आम्हालाही नाही.

एक ते तीन

ऊन. घामेजल्या हाताने मशीन चालवायचं नाही. जेवण, आणि फुटपाथवर पडी.

साडेतीन

काकांच्या सोसायटीत नारळ. आवारातलं झाड सोसायटीचं असलं तरी १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यांनी ती काढली होती, हे विशेष. काकांना सगळ्या झावळ्या काढून शेंडी तेवढी ठेवायची होती. नारळाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते. हिरवी झावळी काढली की तिथल्या नारळांचं पोषण गेलं आणि झाडाचं अन्नही. सुकलेल्या, लोंबणाऱ्या झावळ्या, सुकी पोय आणि तयार नारळ, एवढंच उतरवलं. नारळ काकांनी मोजून घेतले. चार आमच्या पोरांना दिले.

साडेचार

रस्त्याच्या टोकाला गुलमोहर. हे झाड आजच्या यादीत ‘हलकी छाटणी’ म्हणून आहे.

फुलावर आलंय, अख्खा रस्ता लाल. मी हातोडी काढायच्या आधीच बुंध्यापाशी खाली वाकले, कारण एका अंगाला तपकिरी, लाकडासारखं कडक भूछत्र दिसलं. शेल्फसारखं आडवं, वर चकाकी, कड पांढरी. पांढरी कड म्हणजे ते वाढतंय. फुटपाथवर दोन हातांवर नव्या डांबराची पट्टी सरळ गेलेली आहे; कशासाठी तरी चर खणला होता आणि त्या बाजूची मुळं त्यात तुटली असणार. मादागास्करहून आलेल्या या झाडाचं लाकूड मुळात ठिसूळ, मुळं वरवरची. हातोडी मारली. घुमलं, आणि जमिनीपर्यंत घुमत गेलं. ज्या बाजूला मुळं तुटली त्याच्या उलट बाजूला शाळेच्या बसचा थांबा आहे.

पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, ‘फुलं आहेत गं अजून, आता नको कापू.’

‘आजी, छाटत नाहीये.’

हे अर्धसत्य होतं. मी मोबाइलवर भूछत्राचे, चराचे, कललेल्या बुंध्याचे फोटो घेतले आणि अहवालात लिहिलं की छाटणीचा उपयोग नाही. मुळं आणि बुंधा कुजलेला. उपकरणाने तपासणी तातडीने करावी आणि निष्कर्ष हाच निघाल्यास पावसाआधी झाड काढावं. जागी ताम्हण लावावं. ताम्हण आपलं राज्यफूल, लाकूड चिवट, पसारा बेताचा. झाडांच्या संस्थांमधले मित्र अशा शिफारशीवर माझ्याशी भांडतात. भांडावं. त्यांच्या दबावामुळेच बऱ्याच ठिकाणी कुऱ्हाड थांबलीय. पण झाड वाचवायचं म्हणून धोक्याकडे डोळेझाक केली आणि ते बसवर पडलं, तर पुढच्या पावसाळ्यात या रस्त्यावरची सगळी धड झाडं घाबरलेले लोक बोडकी करून घेतील.

आजींना हे वर जाऊन सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, नवं झाड किती वर्षांत फुलतं. ताम्हण लवकर फुलतं, पण सावलीला वेळ लागतो, असं म्हणाले.

सहा

वारा सुटला. वर कुणीच नाही, हे बघून बरं वाटलं. फांद्या एका गाडीत, पाला वेगळ्या पोत्यांत. पाला खताच्या खड्ड्यात जातो, प्लास्टिक आणि वायरी निवडायला लागतात. मामांनी रस्ता झाडून घेतला. छाटणीनंतर रस्ता झाडला नाही तर तक्रार फांदीची होत नाही, पाल्याची होते.

कंत्राटदारांचा फोन.

‘मॅडम, दिवसभरात तीन झाडं आणि एक नारळ? पलीकडच्या गँगने अकरा काढली.’

त्या अकरांपैकी काही मी येताना पाहिली होती. खुंट, नुसते खुंट. ती झाडं आणखी तीन-चार वर्षांनी ‘धोकादायक फांद्या’ म्हणून परत यादीत येणार, त्यांचं पुन्हा बिल निघणार. हे कंत्राटदारांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, निदान एका रस्त्यापुरतं तरी बिलाला ट्रकच्या फेऱ्यांऐवजी प्रत्येक कापाचा फोटो लावून बघू; गळा दिसला पाहिजे, खुंट दिसता कामा नये.

‘फोटोला दर कुठला लावू?’

‘झाडाचाच लावा. पण पाच वर्षांनी तेच झाड परत यादीत आलं तर त्याचे पैसे मागू नका.’

ते हसले, आणि उद्याच्या डिझेलचं बोलायला लागले. मी वही काढून लिहिलं: रेन ट्री, वाळकी फांदी काढली, आडवी फांदी टोकाने आखूड केली, बुंध्यात पोकळी, डिसेंबरात पुन्हा वाजवून बघणे. सोनमोहर, पहिला टप्पा. तिसरं झाड, घरट्याची फांदी बाकी, जुलै. गुलमोहर, अहवाल पाठवला. सोमवारी उत्तर आलं नाही तर स्वतः वॉर्डात जाणे.